जुन्या शहाण्यांची वचनं आणि शेअर बाजार: या चुका टाळा

मार्केट पडलं की दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर गीता, चाणक्य आणि ग्रीक तत्त्ववेत्ते यायला लागतात. वचनांबद्दल तक्रार नाहीच, मी स्वतः हे सगळं आवडीने वाचतो आणि पैशाच्या बाबतीत त्याचा मला उपयोगही झालाय. पण लोक ती आठवतात पैसे बुडाल्यावर, मनाच्या समाधानासाठी. खरं म्हणजे ती सौदा घ्यायच्या आधी कामाला येतात.

थेलीसची गोष्ट अर्धीच सांगणे

ऑप्शन (थोडे पैसे देऊन ठरलेल्या भावाने पुढे घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क) शिकवणारे हल्ली ग्रीक तत्त्ववेत्ता थेलीसची ही गोष्ट हमखास सांगतात. ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलंय की थेलीसला ताऱ्यांवरून कळलं, यंदा ऑलिव्हचं पीक जोरदार येणार, मग त्याने हिवाळ्यातच मिलेटस आणि कीऑसमधले तेलाचे घाणे थोडा थोडा विसार देऊन स्वस्तात धरून ठेवले, तेव्हा दुसरं कुणी विचारतही नव्हतं, आणि हंगामात सगळ्यांना एकदम घाणे लागले तेव्हा हव्या त्या दराने भाड्याने दिले. इथे गोष्ट संपवतात. पण पीक आलं नसतं तर त्याचा फक्त विसार गेला असता, हे कोण सांगणार? थेलीस ऑप्शन घेणारा होता, विकणारा नव्हता.

माझ्या ओळखीतला एक मुलगा, आयटीत आहे, हुशार. ३ जून २०२४ ला लोकसभेच्या एक्झिट पोलमुळे सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी वर गेला आणि याने निफ्टीचे पुट विकले (म्हणजे बाजार पडला तर भरपाई याने द्यायची), त्यासाठी मिळणारी रक्कम, प्रीमियम, आरामात मिळेल म्हणून. मी विचारलं, उलटं गेलं तर? म्हणाला, "दादा, थेलीसने पण रिस्क घेतलीच होती ना." दुसऱ्या दिवशी निकाल लागले, सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी खाली बंद झाला, त्याआधीच याचं मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवलेली अनामत, संपलं होतं आणि ब्रोकरने पोझिशन कापून टाकली, त्यात वडिलांनी फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी दिलेले पैसे गेले. ५ तारखेला बाजार २,३०० अंकांनी वर आला. तो अजून म्हणतो, एक दिवस थांबायला मिळालं असतं तर वाचलो असतो. अरे, तोच तर फरक आहे! थेलीस हंगामापर्यंत थांबू शकत होता कारण द्यायचं ते त्याने आधीच देऊन टाकलं होतं. विकणाऱ्याचं थांबणं त्याच्या हातात नसतं. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमधले (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते, हा बाजाराच्या नियामकाचा, सेबीचाच आकडा आहे.

माझी सवय सांगतो. काहीही घ्यायच्या आधी वहीत दोन ओळी लिहितो: जास्तीत जास्त किती जाईल, आणि तेवढं गेलं तर घरात काय बदलेल. पहिल्या ओळीत आकडा लिहिता येत नसेल तर सौदा नाही. नवीन मुलांना हे रटाळ वाटतं, त्यांना पहिल्याच महिन्यात पगाराएवढं कमवायचं असतं. एवढी घाई असेल तर या बाजारात येऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

'कर्मण्येवाधिकारस्ते' म्हणून गप्प बसणे

शेअर निम्म्यावर आला, विचारलं की उत्तर येतं, "फळाची अपेक्षा नको." त्याच श्लोकाचा शेवट 'मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि' असा आहे, म्हणजे काहीच न करण्याचीही ओढ नको. भाव आपल्या हातात नाही हे मान्य, पण तिमाही निकाल वाचणं, प्रवर्तकांनी शेअर गहाण टाकलेत का बघणं, आपण ज्या कारणासाठी घेतला ते कारण अजून शिल्लक आहे का तपासणं, हे कर्मच आहे. आणि उलट बाजूने, २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के पडल्यावर ज्यांनी घाबरून एसआयपी बंद केल्या त्यांनीही फळाकडे बघूनच काम सोडलं.

चाणक्याच्या नावाचे फॉरवर्ड

असले फॉरवर्ड वाचण्यापेक्षा चाणक्याच्याच 'अर्थशास्त्र' ग्रंथातले व्याजदर वाचा. शंभर पणांवर (पण म्हणजे तेव्हाचं नाणं) महिन्याला सव्वा पण रास्त, व्यापाऱ्याला पाच, जंगलातून माल नेणाऱ्याला दहा, समुद्रावर जाणाऱ्याला वीस. जिथे माल बुडायची भीती जास्त तिथे व्याज जास्त. आता कुणी "महिन्याला पाच टक्के, गॅरंटीड" म्हणालं की त्याला विचारा, यातला धोका नक्की कोण उचलतंय?

स्टोइक म्हणजे काही वाटू न देणे

नाही. स्टोइक म्हणजे आपल्या हातात काय आहे आणि काय नाही हे ओळखून वागायला सांगणारे ग्रीक-रोमन तत्त्ववेत्ते. आधी ॲपचे नोटिफिकेशन बंद करा, मग त्यांच्यातला एपिक्टेटस वाचा.

घरखर्चाची तयारी न करता उतरणे

सेनेकाही स्टोइकच, रोममधला गडगंज श्रीमंत माणूस, तरी सांगायचा की अधूनमधून काही दिवस साधं जाडंभरडं खाऊन, जाडंभरडं नेसून राहा, आणि मग स्वतःला विचारा, मी घाबरत होतो ते हेच का? ट्रेडिंग सुरू करू का असं विचारणाऱ्याला मी तेच करायला लावतो. तीन महिने अर्ध्या पगारात घर चालवून दाखव, उरलेलं एफडीत टाक, मग डीमॅटचं बोलू.