मंडळीतला हेवा: ओळखायचा कसा, उतरवायचा कसा

मलबार हिलच्या बंगल्याचा भायखळ्याच्या चाळीत कोणी हेवा करत नाही. हेवा वाटतो तो चर्चमध्ये आपल्याच बाकावर बसणाऱ्याचा, ज्याने मीरा रोडला वन बीएचके घेतला, ज्याच्या मुलीला कॉयरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, सोलो मिळाला, ज्याला पाळकसाहेब दर वेळी प्रार्थनेला उभे करतात. काइन आणि हाबेल भाऊ होते. योसेफाला विहिरीत टाकणारेही भाऊच. मंडळीत माणसे जवळ असतात, म्हणून हेव्याला तिथे जागा सापडते. चांगला विश्वासणारा त्यातून सुटलेला असतो असे धरून चाललात, तर तो पकडताच येणार नाही.

पकडायची पहिली खूण म्हणजे नाव टाळणे. बायबलमध्ये लूक 15 मधल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला मुलगा घरी परतलेल्या धाकट्याविषयी बापाशी बोलताना ‘माझा भाऊ’ म्हणत नाही, ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो. बाप उत्तरात ‘हा तुझा भाऊ’ असे म्हणून नाते परत त्याच्या हाती देतो. तुमच्या तोंडी ‘ती फ्लॅटवाली’, ‘पाळकांचा लाडका’, ‘ते इंग्रजी सर्व्हिसवाले’ असे शब्द येऊ लागले, की थांबा. एक कागद घ्या आणि एकच वाक्य लिहा. त्यात तीन गोष्टी हव्यात: व्यक्तीचे नाव, नेमकी वस्तू किंवा मान, आणि तो मला का हवा होता. ‘नाताळात वचन वाचायला अमक्याला बोलावले, मला हवे होते, कारण वीस वर्षे मी शब्बाथशाळा घेतो आणि माझे नाव कोणी घेत नाही.’ हे वाक्य उपयोगाचे. ‘मंडळीत पूर्वीसारखी भक्ती राहिली नाही’ हे नाही, त्यात कोणाचेच नाव नाही. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. कागदावर हेव्याऐवजी मंडळीची काळजी उतरते आणि प्रार्थनाही मग तिच्याचसाठी होते.

आवेशाचा वेष घेतलेला हेवा ओळखणे सर्वांत कठीण, म्हणून त्याला जास्त वेळ द्या. गणना 11 मध्ये एल्दाद आणि मेदाद छावणीतच देवाचा संदेश देऊ लागले, तेव्हा एका तरुणाने धावत येऊन मोशेला ते सांगितले आणि मोशेचा सेवक यहोशवा त्यांना बंद करा म्हणाला. त्याला खरोखर मोशेचा मान राखायचा होता. मोशेने मात्र विचारले, माझ्यासाठी तू हेवा करतोस काय? परमेश्वराचे सगळेच लोक संदेष्टे असते तर बरे. आपल्या तक्रारीला तीन प्रश्न लावून पाहा. हेच काम माझ्या जिवलग मित्राने केले असते तर मी बोललो असतो का? ही चूक सुधारली तर मला समाधान वाटेल, की ती व्यक्ती बाजूला झाल्यावरच वाटेल? आणि ही गोष्ट मी त्या व्यक्तीला सोडून किती जणांना सांगितली?

तरीही काही तक्रारी खऱ्या असतात. अर्पणाचा हिशेब मिळत नसेल, तर तो कमिटीकडे लेखी मागा. मनात थोडा हेवा आहे म्हणून हिशेब मागायचा हक्क जात नाही. आणि हिशेब मागणाऱ्याला ‘तुम्ही जळता’ म्हणून गप्प बसवणे हे वेगळेच पाप आहे.

पहिला दिवस फार महत्त्वाचा. 1 शमुवेल 18 वाचा. दाविदाच्या विजयानंतर स्त्रियांनी गायलेल्या गाण्यात शौल राजाचीही स्तुती होती, पण त्याच्या कानात राहिला तो शौलाचे हजार आणि दाविदाचे दशसहस्र यांतला फरक. दुसऱ्याच दिवशी त्याने दाविदावर भाला फेकला. म्हणून हेवा जाणवला की चोवीस तास त्या विषयावर कोणाशी बोलायचे नाही आणि मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही टाकायचे नाही, ‘विचार करायला लावणारे’ वचनसुद्धा नाही. रविवारी उपासनेनंतर भायखळ्याहून कल्याण-बदलापूरकडे परतणारी माणसे बहुधा एकाच डब्यात बसतात, आणि तासाभराच्या त्या प्रवासात अर्धी मंडळी भाजून निघते. त्या रविवारी विषय निघाला तर खुशाल खिडकीबाहेर पाहा. या दिवशी स्तोत्र 73 मोठ्याने वाचा. स्तोत्रकर्ता आसाफ दुर्जनांची भरभराट पाहून हेव्याने घसरता घसरता वाचला. पंधराव्या ओवीत तो म्हणतो की हे सगळे मी बोलून दाखवले असते तर देवाच्या लेकरांचा घात झाला असता. तो ते मनुष्यांत बोलला नाही, पवित्रस्थानात घेऊन गेला.

मग तीन आठवडे रोज सकाळी दोन मिनिटे त्या व्यक्तीसाठी नाव घेऊन प्रार्थना करा, आणि ज्या गोष्टीचा हेवा वाटतो तीच गोष्ट तिला आणखी मिळावी असे मागा. गळा असेल तर गळा, घर असेल तर घर. ‘प्रभू, त्याला नम्र कर’ ही या कामाची प्रार्थना नव्हे, तो प्रार्थनेतून फेकलेला भालाच आहे. पहिल्या आठवड्यात शब्द कोरडे वाटतील, ओठांवरून नुसते जातील. तरी चालू ठेवा, भावना मागाहून येते. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे त्याचे शिष्य हीच कुरकूर घेऊन आले होते, सगळे आता येशूकडे जातात म्हणून. त्याने दिलेले उत्तर पाठ करा: ‘त्याची वृद्धी व्हावी व माझा ऱ्हास व्हावा हे अवश्य आहे.’

त्याबरोबर कोणाला न दिसणारे एक काम महिनाभर धरा. उपासनेनंतर गीतांची पुस्तके गोळा करणे, बाक सरळ करणे, आजारी सभासदाच्या घरी किराणा पोहोचवणे. फोटो नाही, साक्ष नाही. मात्र कॉयर किंवा कमिटीचा राजीनामा या काळात देऊ नका. नम्रतेच्या नावाने दिलेला असा राजीनामा बहुतेक वेळा रुसवा असतो, आणि पुढे समजूत काढायला कोण येते हे मोजत बसण्यात वर्ष जाते.

स्तुती करायची तर नेमकी आणि एकदाच. ‘दुसऱ्या कडव्यातला तुझा वरचा सूर स्वच्छ लागला’ एवढे पुरे. फार गोड बोललात तर समोरच्याला ते टोचते.

क्षमा मागण्याबाबत घाई नको. हेवा फक्त तुमच्या मनात होता आणि त्या व्यक्तीला काहीच माहीत नसेल, तर तिच्यापुढे कबुली देऊ नका. तुमचे ओझे हलके होते आणि तिला तुमच्याशी बोलताना कायमचा संकोच बसतो. ही कबुली देवापुढे आणि एखाद्या वडीलधाऱ्या विश्वासू माणसापुढे द्या. पण तुम्ही तिच्याविषयी बोलला असाल, तर मत्तय 5:23-24 प्रमाणे आधी तिच्याकडे जा. नंतर ज्यांच्या कानी ते घातले त्या प्रत्येकाकडे जाऊन ‘मी बोललो ते चुकीचे होते’ असे सांगा. ही दुसरी फेरी सगळे टाळतात, आणि म्हणून बदनामी तशीच फिरत राहते.

योहान 21 मध्ये पेत्राने सोबतीच्या शिष्याकडे पाहून ‘प्रभूजी, ह्याचे काय?’ असे विचारले. नुकतीच त्याला मेंढरे सांभाळायची आज्ञा मिळाली होती, मरणाचीही कल्पना दिली गेली होती, तरी नजर शेजारी गेली. येशूने त्या शिष्याच्या वाट्याचा खुलासा केला नाही. ‘तुला त्याचे काय? तू माझ्यामागे ये’ असे म्हटले. तुलना सुरू झाली की हा संवाद मनात आणा आणि लगेच स्वतःचे आजचे एक काम नाव घेऊन ठरवा: शब्बाथशाळेचा धडा, भावाला फोन, थकलेली वर्गणी.

पाळक आणि कमिटीने आपली बाजू सांभाळली तर निम्मी वेळ हे औषध लागतच नाही. सोलो, वचनवाचन आणि प्रार्थना यांची पाळी तीन महिन्यांची आधी लावून फलकावर टांगावी. ऐनवेळी बोलावलेले नाव नेहमी ठरावीकच चार-पाच जणांचे असते. वेदीवरून आभार मानताना देणगीचा आकडा वाचू नये, आणि आभार मानायचेच तर झाडलोट करणाऱ्यापासून सुरुवात करावी. पदाची मुदत संपली की पद सोडायचे, हा नियम सेक्रेटरी आणि खजिनदारालाही लावावा. ज्याचा हेवा केला जातो, त्यानेही आपली जागा कधीतरी नवशिक्याला द्यावी आणि त्याच्या शेजारी उभे राहून त्याला ते गीत शिकवावे.