हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये नोकरीला लागताना

बी.फार्म. झालेल्या मुलांच्या डोक्यात क्रम ठरलेला असतो: कंपनी, नाहीतर स्वतःचं मेडिकल, आणि काहीच जमलं नाही तर हॉस्पिटलचं औषधांचं स्टोअर. मिरजेत ही समजूत फार दिवस टिकत नाही. इथे सांगली जिल्ह्यातल्या पेशंटबरोबर कर्नाटकातल्या अथणी-चिकोडीकडचेही येतात, आणि एक इंजेक्शन शॉर्ट झालं की वॉर्डपासून ओटीपर्यंत सगळ्यांचे फोन तुम्हालाच.

पहिली सवय लावा ती दिवसांत मोजायची. 'सलाईनच्या शंभर पेट्या आहेत' याला काही अर्थ नाही; सध्याच्या खपानं त्या किती दिवस पुरतील, ते सांगता आलं पाहिजे. सलाईन मुद्दाम म्हणतोय. वजनाला जड, किमतीला स्वस्त, जागा खाणारा माल; कुणालाच जास्त साठवायला आवडत नाही. अँटिबायोटिकचे व्हायल वेळ पडली तर पिशवीत घालून मोटारसायकलवरून येतील, सलाईनला मात्र टेम्पोच लागतो आणि टेम्पोला रस्ता.

रस्ता बंद होणं म्हणजे काय ते ऑगस्ट 2019 मध्ये कळलं. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट; पाणी 57 फुटांच्या वर गेलं. कोल्हापूरच्या शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग काही दिवस बंद होता. माल यायचा थांबतो आणि त्याच वेळी मागणी वाढते, ही पुराची खरी गोम. पाणी ओसरल्यावर लेप्टोचे (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे) पेशंट येतात म्हणून डॉक्सिसायक्लिन लागतं, सर्पदंशावरचं प्रतिविष लागतं, टीटी आणि ओआरएस तर लागतंच. म्हणून पावसाळ्यात कोयनेतला विसर्ग आणि आयर्विनची पातळी पाहणं हेही स्टोअरवाल्याचंच काम. 40 फुटांचा इशारा आल्यावर ऑर्डर टाकणाऱ्याला उशीर झालेला असतो.

कॉलेजात एबीसी आणि व्हीईडी ॲनालिसिस शिकवतात, परीक्षेपुरतं. एबीसी म्हणजे खर्चानुसार वर्गवारी, 'ए'वर सगळ्यात जास्त पैसा, 'सी'वर सगळ्यात कमी; व्हीईडी म्हणजे गरजेनुसार: व्हायटल, इसेन्शियल, डिझायरेबल. दोन्ही एकत्र लावून बघा. अ‍ॅड्रिनलिनचं अँप्युल इतकं स्वस्त की पैशाच्या हिशेबात ते 'सी'मध्ये जाऊन पडतं. पण ते नसलं तर पेशंट जातो, म्हणजे व्हीईडीत 'व्ही'. मॅनेजमेंटचं लक्ष महागड्या मालावर असतं, त्याची काळजी घेणारे बरेच असतात. स्वस्त आणि जीवनावश्यक अशी यादी वेगळी काढा आणि ती रोज स्वतः बघा.

दोन स्टॉकिस्ट (औषधांचे घाऊक विक्रेते) ठेवले म्हणजे पर्याय झाला, असंही नाही. पॅकच्या मागे कारखान्याचा पत्ता वाचा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची नावं, आणि माल मात्र हिमाचलातल्या बद्दीच्या एकाच कारखान्यात बनलेला, असं सर्रास दिसतं. तो कारखाना थांबला की दोन्ही ब्रँड एकदम गायब. 2017 मध्ये पोर्तो रिकोत मारिया वादळ आलं, तिथले कारखाने बंद पडले आणि अमेरिकेतल्या हॉस्पिटलांना लहान सलाईन पिशव्या मिळेनात. एवढ्या मोठ्या देशाची ही गत.

बदली औषध स्वतःच्या मनानं वॉर्डात पाठवायचं नाही. आधी डॉक्टरांना विचारायचं, मग सिस्टरना सांगायचं, मग माल द्यायचा. हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं इंजेक्शन) एका मिलीला 1000 युनिटचं मिळतं तसं 5000 चंही. नेहमीच्या कप्प्यात दुसरं ठेवलं आणि कुणाला सांगितलं नाही तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. वीज गेली तर 2 ते 8 डिग्रीचा फ्रीज सारखा उघडून बघू नका. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यायचं.

टंचाईची नुसती कुजबुज झाली तरी काही जण तिप्पट ऑर्डर टाकतात. माझा याला विरोध आहे. त्यांच्या कपाटात माल एक्स्पायर होतो आणि शेजारच्या हॉस्पिटलात पेशंट थांबलेला असतो. शिवाय स्टॉकिस्ट खुळा नाही. माल कमी असला की तो आधी वेळेवर पेमेंट करणाऱ्यालाच देतो, तेव्हा अकाउंट्सवाल्यांशी गोडीत राहा.

आणि उसनवारी. मिरजेत हॉस्पिटलं जवळजवळ आहेत, अडीनडीला एकमेकांकडून माल घेतात. चलन करा, बॅच नंबर आणि एक्स्पायरी लिहा, आणि परत देताना नियर एक्स्पायरीचा माल गळ्यात मारू नका; पुढच्या वेळी तुमचा फोन उचलला जाणार नाही.