जुन्या ट्रकला एलईडी हेडलाइट बसवताय? या चुका टाळा

जुन्या ट्रकचा उजेड कमी पडतो म्हणून मालक थेट एलईडीचा डबा हातात घेऊन येतात. "फक्त लावून द्या," एवढंच म्हणणं असतं. मी आधी मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं मीटर) काढतो, आणि तिथूनच कुरबूर सुरू होते. पण हेडलाइट चुकीचा बसला तर त्याचा त्रास मालकाआधी समोरून येणाऱ्याला होतो. त्यामुळे या कामात मी कुणाच्या घाईला जुमानत नाही. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा पाहून कंटाळलोय, म्हणून एकदा सगळं लिहून काढतो.

व्होल्टेज न मोजता बल्बला दोष देणं

माझ्याकडे एलईडीसाठी येणाऱ्या बऱ्याच ट्रकांना एलईडीची गरजच नसते. हॅलोजनचं व्होल्टेज दहा टक्क्यांनी घसरलं की उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. जुन्या गाडीत करंट बॅटरीतून निघून फ्यूजचा डबा, डॅशबोर्डचा स्विच, अपर-डिपरची (लांबच्या-जवळच्या उजेडाची) दांडी असा सगळा प्रवास करून बल्बापर्यंत येतो. वाटेतला प्रत्येक हिरवा पडलेला कपलर (वायरींचा जोड) थोडं थोडं व्होल्टेज खातो. शेवटी अर्थचा, म्हणजे करंट गाडीच्या सांगाड्यातून परत नेणाऱ्या जोडाचा, बोल्ट गंजलेला असतो, तो उरलेलं खातो.

मोजायचं इंजिन चालू, लाइट चालू आणि बल्ब जागेवर ठेवून. बल्ब काढून मोजलेल्या व्होल्टेजवर विश्वास ठेवू नका, कारण तेव्हा करंटच वाहत नसतो. मल्टिमीटरची एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी बल्बाच्या प्लसला लावली की वाटेत किती व्होल्ट हरवले ते थेट दिसतं. मग तेच बॅटरीचा मायनस आणि बल्बाचा अर्थ यांच्यात. १२ व्होल्टच्या गाडीत अर्धा आणि २४ व्होल्टच्या गाडीत एक व्होल्टपेक्षा जास्त दिसला की मी आधी वायरिंगला हात घालतो. रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, बसवायचा. त्याच्या पिनांना नंबर असतात: ३० नंबरला बॅटरीतून फ्यूजमार्गे जाड वायर, ८७ वरून बल्ब, आणि जुनी वायर फक्त ८५-८६ ची कॉइल ओढायला. फ्यूज बॅटरीच्या जवळच हवा. तो हेडलाइटजवळ लावला तर मधली लांब वायर घासून शॉर्ट झाल्यावर तिला वाचवणारं काहीच नसतं.

बल्ब काढलाच आहे तर रिफ्लेक्टरही पाहून घ्या. पूर्वी कुणीतरी १००/९० वॉटचे बल्ब लावलेले असतात आणि त्या उष्णतेने चांदी काळी पडलेली असते. अशा वाटीत काहीही लावा, उजेड येणार नाही. रिले, स्वच्छ अर्थ, धड रिफ्लेक्टर आणि चांगला हॅलोजन, एवढ्यावर कितीतरी ड्रायव्हर समाधानाने परत गेलेत.

"एलईडी करंट कमी खातो, मग वायरिंग कशाला बघायचं?" असं मला हमखास विचारतात. करंट कमी लागतो हे खरं आहे. पण कुजलेल्या अर्थवर एलईडीसुद्धा फडफडतो, आणि कधी कधी बंद केल्यावरही मंद जळत राहतो. आजार तसाच राहतो, फक्त त्याची लक्षणं बदलतात.

हॅलोजनच्या वाटीत एलईडी बल्ब खोचणं

ही माझी सर्वांत नावडती चूक आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

एच४ म्हणजे अपर-डिपर दोन्हींचा एकच हॅलोजन बल्ब. त्यात दोन फिलामेंट असतात. अपरचं फिलामेंट रिफ्लेक्टरच्या नाभीजवळ (फोकसजवळ) असतं. डिपरचं त्याच्या पुढे असतं आणि त्याच्या खाली एक छोटा धातूचा आडोसा असतो. तो आडोसा रिफ्लेक्टरच्या खालच्या भागाकडे जाणारा उजेड अडवतो. डिपरला फक्त वरचा भाग कामाला लागतो आणि उजेड खाली, रस्त्यावर पडतो. हा सगळा हिशेब मिलिमीटरचा आहे. फिलामेंट म्हणजे चहूबाजूंना उजेड फेकणारी बारीक तार. एलईडी बल्बात त्या जागी एक सपाट पट्टी आणि तिच्या दोन बाजूंना चिप. पट्टी जाड असली किंवा चिप जरा मागे-पुढे असल्या की रिफ्लेक्टरला उजेड भलत्याच जागेवरून मिळतो आणि तो भलतीकडेच फेकला जातो.

एका मालकाची गाडी आली होती. तक्रार अशी की समोरचे सगळे डिपर मारतात, कुणी कुणी शिव्याही देतात, आणि तरीही ड्रायव्हर म्हणतो लांबचं दिसत नाही. मालकाचा ड्रायव्हरवर विश्वास नव्हता. केबिनसमोरचा रस्ता तर दिवसासारखा दिसत होता. मी गाडी भिंतीसमोर उभी केली आणि डिपर लावायला सांगितलं. भिंतीवर रेषाच नव्हती, वरपासून खालपर्यंत नुसता पांढरा ढग. मग एका बाजूला साधा हॅलोजन लावून दाखवला. तिकडे लगेच स्वच्छ आडवी रेषा, वर अंधार, खाली उजेड. मालक दोन्ही बाजू पाहत बराच वेळ गप्प उभा राहिला. ड्रायव्हरचं म्हणणं खरं होतं. जवळचा रस्ता फार उजळला की डोळ्यांची बाहुली आक्रसते आणि लांबचा मंद उजेड पकडण्याची तिची ताकद कमी होते. म्हणजे दिवा प्रखर, नजर आखूड आणि समोरचा आंधळा.

बल्बच लावायचा असेल तर चिप डावी-उजवीकडे, म्हणजे घड्याळातल्या ९ आणि ३ च्या दिशेला हव्यात. कॉलर फिरवून ते जमवता येणारा बल्ब घ्या आणि भिंतीवर रेषा उमटेपर्यंत गाडी सोडू नका. रेषा आलीच नाही तर तो बल्ब त्या वाटीसाठी नाही. हॅलोजनसाठी मंजूर झालेल्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब लावणं बहुतेक देशांत नियमाबाहेर आहे. जर्मनीत २०२० मध्ये काही ठरावीक एलईडी बल्बना परवानगी मिळाली, तीसुद्धा गाडीच्या मॉडेलनुसार तपासून. मी स्वतः अख्खं युनिटच, म्हणजे काच-रिफ्लेक्टरसकट सगळा हेडलाइट, बदलतो. जुन्या ट्रकांत गोल ७ इंची किंवा २०० बाय १४२ मिलिमीटरचा चौकोनी, असे ठरलेले आकार असतात. त्याच मापात मूळ एलईडीसाठीच बनवलेली, काचेवर मंजुरीची खूण असलेली युनिट मिळतात. खूण युनिटच्या काचेवर हवी. डब्यावर काय छापलंय त्याला मी किंमत देत नाही.

काचेवरचा बाण न पाहणं

युरोपीय पद्धतीच्या डिपरची रेषा सरळ नसते. रस्त्याच्या कडेकडे ती वर चढते, म्हणजे पादचारी आणि पाट्या दिसाव्यात. डाव्या बाजूने वाहतूक असेल तिथे चढ डावीकडे हवा. अशा युनिटच्या काचेवर आडवा बाण असतो आणि समोर उभं राहून पाहिलं तर तो आपल्या उजवीकडे दाखवतो. बाण नसलेलं युनिट उजव्या बाजूच्या वाहतुकीसाठी असतं. ते डाव्या बाजूच्या रस्त्यावर लावलं तर चढ नेमका समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो, आणि कितीही अ‍ॅडजस्ट करा, जात नाही.

२४ व्होल्टच्या गाडीत एकाच बॅटरीतून १२ व्होल्ट चोरणं

हे करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण नुकसान लगेच दिसत नाही आणि भलत्याच वस्तूवर खर्च होत राहतो.

एक ट्रक बॅटरीच्या तक्रारीसाठी आला होता. सकाळी स्टार्टर ओढत नाही. एक बॅटरी बदलून झाली, काही महिन्यांत तीच पुन्हा बसली. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर उघडून झाला, रेग्युलेटर नवा टाकून झाला. मी इंजिन चालू करून एकीला एक जोडलेल्या १२-१२ व्होल्टच्या दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या. दोन्ही मिळून २८ व्होल्ट, अगदी बरोबर. पण एकीवर साडेबाराच्या आसपास आणि दुसरीवर पंधराच्या वर. दोन्हींच्या मधल्या जोडावर एक पातळ लाल वायर चिकटपट्टीत गुंडाळलेली होती. तिच्या मागे मागे गेलो तर थेट नव्या एलईडी हेडलाइटपाशी पोचलो. युनिट १२ व्होल्टची आणली होती, म्हणून कुणीतरी सोपा मार्ग काढला होता.

अल्टरनेटर फक्त दोघींची बेरीज पाहतो. अर्थकडच्या बॅटरीतून हेडलाइट करंट ओढत राहिले की ती कधीच पूर्ण भरत नाही, तिच्या प्लेटांवर सल्फेट बसतं. प्लसकडची बॅटरी मात्र गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन उकळते, तिचं पाणी उडतं. एक उपाशी मरते, दुसरी अजीर्णाने. उपाय एकच: युनिट २४ व्होल्टचीच घ्या. १२ ची हातात असतील आणि बदलून मिळत नसतील तर मधे २४ चे १२ व्होल्ट करणारा, पुरेशा क्षमतेचा कन्व्हर्टर लावा. बॅटऱ्या बदलायची वेळ आलीच असेल तर दोन्ही एकदम आणि एकाच जातीच्या बदला.

युनिटवरचा व्होल्टेजचा आकडाही नीट वाचा. २४ व्होल्टची गाडी चार्जिंगवर २८ च्या आसपास चालते. युनिटवर "१० ते ३० व्होल्ट" लिहिलं असेल तर वर फार जागा उरत नाही. मी ३२ किंवा ३६ पर्यंतचं घेतो. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून "अल्टरनेटर चेक करायची" जुनी सवय असेल तर ती आजच सोडा. त्या क्षणी जो व्होल्टेजचा झटका उसळतो, तो २४ व्होल्टच्या गाडीत १०० च्याही पुढे जाऊ शकतो. त्यात एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला करंट पुरवणारं आतलं सर्किट, जळतं.

स्विच मायनसचा आहे का ते न तपासणं

काही जुन्या गाड्यांत हेडलाइटला प्लस कायम असतो आणि अपर-डिपरची दांडी मायनस तोडते-जोडते. हॅलोजनला कुठून करंट आला याचं काही पडलेलं नसतं, एलईडीला असतं. अशा गाडीत युनिट लावलं की ते लागतच नाही, किंवा डिपर-अपरचा गोंधळ होतो, आणि दोष बिचाऱ्या युनिटवर जातो. कपलर काढा, लाइट चालू करा, मल्टिमीटरचा मायनस गाडीच्या अर्थला लावा. एकच पिन डिपरलाही जिवंत आणि अपरलाही जिवंत, म्हणजे तो कायमचा प्लस. मग रिलेची कॉइल त्या प्लसवर आणि दांडीतून येणाऱ्या मायनसवर चालवायची आणि युनिटला रिलेतून सरळ प्लस द्यायचा. असंच काही गाड्यांत अपरचा निळा इंडिकेटर डिपरच्या फिलामेंटमधून सर्किट पूर्ण करतो. एलईडीनंतर तो विझला तर डॅशबोर्डचा बल्ब बदलत बसू नका.

थोडक्यात, पण सोडून देऊ नका

एलईडीची उष्णता मागे जाते. पंख्यावर किंवा हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागावर) रबरी टोपी घट्ट बसवली तर तो गुदमरतो.

युनिटच्या मागच्या श्वासाच्या छिद्रावर सिलिकॉन लावू नका. पाणी बाहेरून येण्याआधी आतच धुकं धरतं.

काच पॉलिकार्बोनेटची असते. डिझेलच्या फडक्याने पुसायची सवय बंद करा, पेट्रोल आणि थिनरचं नावही नको.

निळसर ६५०० केल्व्हिन (उजेडाच्या रंगाचा आकडा) दिसायला भारी वाटतं, पण डोळ्याला टोचतं. मी ५००० च्या वर जात नाही.

हेडलाइट लावल्यावर रेडिओत खरखर वाढली तर एलईडीचा ड्रायव्हर हलक्या दर्जाचा आहे. युनिट परत करा.

जुन्या ट्रकमध्ये बल्बावर नजर ठेवणारा कॉम्प्युटर नसतो, त्यामुळे "डिकोडर" नावाची डबी विकत घेऊ नका.

रिकामी गाडी अ‍ॅडजस्ट करणं

गाडी सपाट जागी, टायरमध्ये हवा बरोबर, भिंतीपासून १० मीटर. हेडलाइटच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर रेघ मारा. एक टक्का उतार म्हणजे डिपरची रेषा त्या रेघेच्या १० सेंटिमीटर खाली. हेडलाइट जमिनीपासून एक मीटरवर असेल तर तो उजेड १०० मीटरवर रस्त्याला टेकतो. उंच ट्रकला मी दीड टक्का, म्हणजे १५ सेंटिमीटर ठेवतो. गाडीवर कंपनीचा आकडा लिहिलेला असेल तर तोच पाळायचा.

पण हे सगळं माल भरून करायचं. मागचे स्प्रिंगचे पाटे दबले की नाक वर येतं. फक्त एक अंश वर आलं तरी १० मीटरवर रेषा साधारण साडेसतरा सेंटिमीटर चढते. म्हणजे रिकाम्या गाडीत मेहनतीने ठेवलेला सगळा उतार संपला आणि वर तुम्ही समोरच्याच्या डोळ्यांत. भरलेली गाडी आणायला मालक कंटाळतात, "नंतर बघू" म्हणतात. मी तेवढ्यासाठी गाडी परत बोलावतो. त्याच वेळी स्क्रूही पाहतो, कारण ट्रकच्या हादऱ्यांनी जुने प्लास्टिकचे नट सुटतात आणि रेषा आपोआप ढळते.

मूळ कपलर कापून टाकणं

नव्या युनिटच्या वायरी पिळून टेप गुंडाळायचा आणि एच४ चा कपलर फेकून द्यायचा, हे काम पाच मिनिटं वाचवतं. पण एलईडी युनिट रात्री वाटेत बंद पडलं तर ते उघडून दुरुस्त होत नाही. कपलर शाबूत असेल तर जुनं युनिट तिथल्या तिथे परत लागतं. मी कपलर बिघडला असेल तर नवा घालतो, पण जागेवर ठेवतोच. काढलेलं हॅलोजनचं एक चांगलं युनिट बल्बासकट फडक्यात गुंडाळून सीटखाली ठेवतो आणि सोबत त्या स्क्रूला बसणारा स्क्रूड्रायव्हर.