कॉम्प्युटरवाल्याला फोन करण्याआधी: घरच्या पीसीसाठी फुकट सॉफ्टवेअरची तयारी

मे महिना संपत आला की ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत दोन कामं हमखास निघतात, गच्चीवर ताडपत्री टाकणं आणि घरोघरचे कॉम्प्युटर फॉरमॅट करणं. दहावी-बारावीचे निकाल, अकरावीचे ऑनलाइन फॉर्म, सीईटीच्या कागदपत्रांचं लचांड आणि मागोमाग पाऊस, म्हणजे लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही. वर्षभर रखडत चाललेला डेस्कटॉप नेमका तेव्हाच मान टाकतो. मग जवळच्या दुकानातून कॉम्प्युटरवाला येतो, तासाभरात विंडोज टाकतो, वर क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्सला चकवा देऊन फुकटात चालवलेलं ऑफिस, क्रॅक केलेलं अँटिव्हायरस आणि आणखी काय काय टाकून पैसे घेऊन जातो. त्याला बोलवा, जरूर बोलवा, पण त्याआधी आणि त्यानंतर काय करायचं ते आपलं आपल्याला ठाऊक हवं. खाली सांगतोय त्यातलं एकही सॉफ्टवेअर विकत घ्यायचं नाही आणि क्रॅकही करायचं नाही. माझी कसोटी साधी आहे: सॉफ्टवेअरने आपलं काम करावं आणि काम झालं की गप्प बसावं. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शेकडो दोष सापडले’ असं ओरडणाऱ्याला घरात जागा नाही.

सगळ्यात आधी डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे. ते उघडलं की डिस्कचा रंग दिसतो. निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे आजच डेटा काढून घ्या. पिवळा दिसला तर फॉरमॅटने काही सुधारणार नाही, डिस्कच बदलावी लागेल. खाली आकड्यांचा जो तक्ता असतो त्यात ‘रीॲलोकेटेड सेक्टर्स’ (खराब म्हणून बदललेल्या जागा) आणि ‘पेंडिंग सेक्टर्स’ (संशयास्पद जागा) या दोन ओळी बघायच्या. तिथले आकडे मुळात सोळाच्या पटीतल्या पद्धतीने लिहिलेले असतात, म्हणजे तिथे ६४ दिसले तर प्रत्यक्षात ते १०० असतात. मेन्यूत जाऊन ते नेहमीच्या दशमान पद्धतीत बदलून घ्या, नाहीतर उगाच घाबराल किंवा उगाच निश्चिंत राहाल. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल आणि बजेट असेल तर याच वेळी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवून घ्या. रॅम वाढवण्यापेक्षा त्याने जास्त फरक पडतो. त्यासाठी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारापर्यंत जायलाच हवं असं आता राहिलेलं नाही.

मग बॅकअप. इथे घाई करू नका, कारण डेटा उडतो तो इथेच. ‘डेस्कटॉपवर काय काय आहे, काका?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘काही नाही रे, दोन-चार फाइली.’ त्या दोन-चार फाइलींत मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो निघतात. म्हणून विचारत बसू नका, मोजा. विझट्री चालवलं की कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते काही सेकंदांत समोर येतं, कारण ते एकेक फाइल उघडत बसत नाही, डिस्कची आतली नोंदवहीच वाचतं. फाइलचं नाव अर्धवट आठवत असेल तर एव्हरीथिंग घ्या. नावातली तीन अक्षरं टाकली की यादी हजर. हे एरवी फक्त नावं शोधतं, फाइलच्या आतला मजकूर नाही, एवढं लक्षात ठेवा. ‘डॉक्युमेंट्स’ सगळे घेतात. विसरतात ते डेस्कटॉप, डाउनलोड्स, ब्राउझरमधले बुकमार्क आणि ब्राउझरनेच लक्षात ठेवलेले पासवर्ड. लॅपटॉपवर विंडोज ११ असेल तर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झालेली असू शकते. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, काही बदललं की निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. ती आधीच कागदावर उतरवून ठेवा, कारण ऐन वेळी त्या अकाउंटचा पासवर्डही आठवत नाही.

मराठीत काम करणाऱ्या घरात आणखी एक गोष्ट असते, जी कुठलाच कॉम्प्युटरवाला विचारत नाही. सोसायटीच्या जुन्या नोटिसा, वार्षिक सभेची इतिवृत्तं, आजोबांनी टाइप केलेली वंशावळ, हे सगळं बहुधा श्रीलिपीत किंवा शिवाजी, किरण अशा युनिकोड (सगळीकडे सारखंच वाचलं जाणारं प्रमाण) नसलेल्या फॉन्टमध्ये असतं. फॉरमॅटमध्ये फॉन्ट गेला की फाइल उघडते, पण आत मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. डेटा गेलेला नसतो, पण वाचता येत नाही. तेव्हा विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून हे फॉन्ट वेगळे काढून बॅकअपमध्ये ठेवा. शिवाय महत्त्वाच्या फाइली फॉरमॅटच्या आधीच पीडीएफ करून घ्या. जुनी फाइल, तिचा फॉन्ट आणि तिची पीडीएफ, तिन्ही एकाच फोल्डरमध्ये. पुढे कधीतरी कुणीतरी ते युनिकोडमध्ये बदलेल.

बॅकअप झाला म्हणून लगेच हात धुवायचे नाहीत. एक्स्टर्नल डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार-सहा फाइली उघडून बघा, त्यातही एखादी मोठी व्हिडिओ फाइल शेवटपर्यंत चालवून बघा.

आता पेन ड्राइव्ह. ८ जीबीचा किंवा मोठा, रिकामा, कारण त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे. विंडोजची आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायचं सगळं एकाच फाइलीत) मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट मिळते. ती पेन ड्राइव्हवर चढवायला रुफस, जे इन्स्टॉलसुद्धा करावं लागत नाही. मूळ विंडोज खरं असेल आणि मदरबोर्ड तोच असेल, तर तीच एडिशन (होम किंवा प्रो) टाकल्यावर इंटरनेट लागताच ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. ‘की’चे वेगळे पैसे कुणी मागितले तर आधी हे तपासा. त्याच मशीनचा वाय-फाय किंवा लॅन ड्रायव्हर (इंटरनेटचा भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) दुसऱ्या पेन ड्राइव्हवर आधीच उतरवून ठेवा. तो राहिला आणि नव्या विंडोजला वाय-फाय दिसेनासं झालं, तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे फोनचं इंटरनेट कॉम्प्युटरला मिळतं. बहुतेक वेळा त्यावर काम भागतं.

विंडोज चढल्यावर पहिलं सॉफ्टवेअर अँटिव्हायरस नव्हे. आत असलेला डिफेंडर घरच्या वापराला पुरतो. पहिली गोष्ट म्हणजे फायरफॉक्स ब्राउझर आणि त्यावर जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा भाग). क्रोमने जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शनं बंद केल्यापासून मूळ यूब्लॉक तिथे चालत नाही, त्याची हलकी ‘लाइट’ आवृत्ती चालते. हे आधी का? कारण पुढचं सगळं डाउनलोड करायचं आहे, आणि सर्चमध्ये वरती जाहिरात म्हणून लागलेल्या नकली साइटींवरून लोक भलतंच उतरवतात. झिप फाइली बनवणाऱ्या-उघडणाऱ्या सेव्हन-झिपची खरी साइट डॉट ऑर्ग आहे आणि दिसायला अगदी जुनाट, तिथे झगमगाट नाही. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरची खरी साइट व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग. २०२२ मध्ये ही साइट भारतात कित्येक महिने बंद होती, ती नोव्हेंबरात परत उघडली, आणि त्या काळात बऱ्याच जणांनी मिळेल तिथून व्हीएलसी उतरवलं. तेच सेटअप अजून कुठल्या फोल्डरमध्ये पडलं असेल तर काढून टाका. एकेका साइटवर जायचा कंटाळा असेल तर नायनाइट वापरा. हवी ती नावं टिकमार्क केली की जास्तीचा कुठलाही टूलबार न चिकटवता सगळं एकदम बसतं.

त्याच जाहिरातींतून येणारा दुसरा प्रकार म्हणजे पूर्ण स्क्रीन व्यापून ‘तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा’ म्हणणारी खिडकी. घरातल्या ज्येष्ठांना हे आधीच सांगून ठेवा: तो नंबर लावायचा नाही, ब्राउझर बंद करायचा, तोही होत नसेल तर मशीनच बंद करायचं. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन.

सेव्हन-झिप हे इगॉर पावलोव्हचं १९९९ पासूनचं काम. त्याच कामाच्या विनरारची ४० दिवसांची फुकट मुदत वर्षानुवर्षं पुढे ढकलत बसण्यापेक्षा हे बरं. त्याचा एक उपयोग फारसा कुणी सांगत नाही. झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेल्या पेन ड्राइव्हमध्ये सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले दिसतात, तो अनुभव सगळ्यांना आहे. त्या शॉर्टकटवर डबल-क्लिक करायचं नाही. खऱ्या फाइली तिथेच असतात, फक्त लपवलेल्या. सेव्हन-झिपचा फाइल मॅनेजर उघडून त्यातून पेन ड्राइव्ह बघितला की लपवलेलं सगळं दिसतं. हव्या त्या फाइली तिथून कॉपी करा, डिफेंडरने तपासा आणि पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा. झेरॉक्ससाठी एक छोटा पेन ड्राइव्ह वेगळाच ठेवावा आणि त्यावर फक्त छापायची पीडीएफ न्यावी हे उत्तम.

झेरॉक्सवरून फॉर्मच्या कामाकडे. ॲडमिशनच्या दिवसांत घरच्या कॉम्प्युटरचं खरं काम हेच असतं. डोमिसाइल, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, मार्कशीट, सगळं स्कॅन करा, जोडा, आकार कमी करा. यासाठी लोक मिळेल त्या ऑनलाइन साइटवर आधार कार्ड चढवतात. ते करू नका. स्कॅनर असेल तर नॅप्स-टू: पानं स्कॅन करून सरळ एक पीडीएफ बनवतं आणि मराठीची भाषा-फाइल उतरवून घेतली तर स्कॅनमधला मराठी मजकूरही ओळखतं, छपाई स्वच्छ असेल तर बऱ्यापैकी. पानं जोडायला, फिरवायला, आकार कमी करायला पीडीएफ-ट्वेंटीफोर. याची वेबसाइटही आहे, पण आपल्याला हवं ते विंडोजवर बसणारं, ज्यात फाइल घराबाहेर जात नाही. फोटो आणि सही ५० केबीच्या आत आणायला इरफानव्ह्यू आहे. इरफान श्किल्यान या बोस्नियन माणसाने १९९६ मध्ये ते आणलं आणि घरगुती वापराला ते आजही फुकट आहे. त्याचे प्लगइन्सही सोबत टाका, म्हणजे जेपीजी सेव्ह करताना किती केबी हवेत ते आकड्यात सांगता येतं. नुसती पीडीएफ वाचायला सुमात्रा, जुन्या मशीनवरही झटकन उघडतं.

क्रॅक ऑफिसच्या जागी लिबरऑफिस. २०१० मध्ये ओपनऑफिसमधून फुटून निघालेला हा प्रकल्प आज जोमात आहे, त्यामुळे मूळ ओपनऑफिसच्या वाटेला जाऊ नका. मेन्यूसुद्धा मराठीत करता येतात. एक अडचण खरी आहे: वर्डमध्ये बनवलेली, तक्ते आणि चौकटींनी भरलेली फाइल यात उघडली की ओळी इकडेतिकडे सरकतात. शाळेचा प्रोजेक्ट पाठवायचा असेल तर पीडीएफ करून पाठवा. ऑफिसचं काम घरून करणाऱ्याला कंपनीचं ऑफिस लागेलच, म्हणजे मायक्रोसॉफ्टचंच, तिथे हट्ट नको.

मराठी टायपिंगला काहीच उतरवायला नको. २०१९ पासून विंडोजमध्येच मराठी फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप करायचा) कीबोर्ड आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा, फोनेटिक निवडा, मग विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून अदलाबदल करा. ज्यांची बोटं इनस्क्रिप्ट या प्रमाण मराठी कीबोर्डला सरावली आहेत त्यांच्यासाठी तेही तिथेच आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेला मुक्ता फॉन्ट तेवढा टाकून घ्या. नोटीस बोर्डवर विंडोजच्या मंगल फॉन्टपेक्षा कितीतरी छान दिसतो.

पासवर्डसाठी कीपासएक्ससी. वीजबिल, मालमत्ता कर, गॅस, शाळेचं पोर्टल, सगळं एका कुलूपबंद फाइलमध्ये. मुख्य पासवर्ड कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवा. घरात तो एकट्यालाच माहीत असून चालत नाही.

काय टाकायचं नाही तेही सांगतो. रजिस्ट्री क्लीनर, ड्रायव्हर अपडेटर, रॅम बूस्टर, यांतलं काहीही नको. २०१७ मध्ये सीक्लीनर या साफसफाईच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत आवृत्तीतच हॅकरांनी मालवेअर घुसवलं होतं आणि ती वीस लाखांहून जास्त कॉम्प्युटरांवर उतरली होती. तात्पुरत्या फाइली विंडोजच्या स्टोरेज सेटिंगमधूनही पुसता येतात.

सगळं बसलं की दोन डिस्कवरच्या फाइली जुळवून ठेवणारं फ्रीफाइलसिंक लावा आणि महिन्यातून एकदा एक्स्टर्नल डिस्क जोडून चालवा. त्यात ‘मिरर’ निवडलं तर इकडे पुसलेली फाइल तिकडेही पुसली जाते, म्हणून पुसलेल्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये साठवण्याची सोय चालू ठेवा. काम झालं की डिस्क काढून कपाटात. जोडलेलीच राहिली तर विजेचा झटका दोघांनाही एकदमच बसेल. त्याच दिवशी सेव्हन-झिपसारखी आपोआप अपडेट न होणारी सॉफ्टवेअरंही नवी करून घ्या. नायनाइट पुन्हा चालवलं की तेवढंच होतं.

राहिला जुन्या मशीनचा प्रश्न. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत कितीतरी घरांत चांगले चालणारे पीसी या अटीत बसत नाहीत. अट चुकवून विंडोज ११ टाकता येतं, पण आईवडिलांच्या मशीनवर मी ते करणार नाही. पुढचा एखादा अपडेट अडला तर निस्तरायला घरी कुणी नसतं. त्यापेक्षा विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम, लिनक्स मिंट. ४ जीबी रॅमवर बरं चालतं, लिबरऑफिस आणि फायरफॉक्स त्यात आधीच असतात. रुफसने पेन ड्राइव्हवर चढवा आणि इन्स्टॉल न करता त्यावरूनच मशीन चालू करून बघा. वाय-फाय लागतंय का, आवाज येतोय का, आणि मुख्य म्हणजे घरचा प्रिंटर छापतोय का. छापला तर पुढे जा. नाही छापला तर मशीन बंद करा, पेन ड्राइव्ह काढा, पुन्हा चालू करा. जुनं विंडोज जिथल्या तिथे असतं.