एलएलबीचे सगळे सब्जेक्ट एकाच पद्धतीने वाचू नका

नागपुरात लॉला अ‍ॅडमिशन झाली की सिनियर लोकं पहिले बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, गाईड घेऊन यायला सांगतात. घ्या, परीक्षेच्या आदल्या रात्री कामात पडते, पण वर्षभर तेच उघडून बसलात तर कॉन्ट्रॅक्ट काय अन् क्रिमिनल काय, सगळं सारखंच वाटायला लागते. प्रत्येक ब्रांचचा स्वभाव वेगळा आहे, तर वाचायची पद्धत पण वेगळीच पाहिजे ना.

क्रिमिनलमध्ये कलम तोडून वाचायचं. चोरी घ्या, बीएनएस म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३. वस्तू जंगम पाहिजे, दुसऱ्याच्या ताब्यात पाहिजे, त्याची संमती नको, नियत खोटी पाहिजे, अन् नेण्यासाठी ती जागेवरून हलवलेली पाहिजे. एक जरी तुकडा कमी पडला तर चोरी नाही. आता त्याच कलमाखालची उदाहरणं बघा, घड्याळ तुमचंच आहे, रिपेअरिंगचे पैसे बाकी म्हणून दुकानदाराने कायद्याने ठेवून घेतलं, अन् पैसे बुडवायला तुम्ही ते गुपचूप उचलून आणलं, तर स्वतःच्याच घड्याळाची चोरी होते! गाईडमध्ये बहुतेक वेळा ही उदाहरणं गाळलेली असतात, म्हणून बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याचा जसाच्या तसा मूळ मजकूर, वाचायचा.

बेअर अ‍ॅक्ट सेकंडहँड घेत असाल तर साल बघून घ्या, १ जुलै २०२४ पासून ५११ कलमांची आयपीसी (जुनी भारतीय दंड संहिता) जाऊन ३५८ कलमांची बीएनएस आली, खुनाची शिक्षा ३०२ वरून १०३ वर गेली, ४२० आता ३१८ मध्ये. पण जुने नंबर विसरू नका, त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना आयपीसीच लागते आणि जुने निकाल सगळे त्याच नंबरांनी भरलेले आहेत.

घटनेचं बरोबर उलटं. जीविताच्या अन् व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचं कलम २१ दोन ओळींचं आहे, त्यात जे काही भरलं ते कोर्टाने, १९७८ च्या मनेका गांधी केसपासून तर खूपच. आणि 'मूलभूत चौकट', म्हणजे घटनेचा जो गाभा संसदेलाही बदलता येत नाही, तो शब्द घटनेत शोधून सापडणार नाही, ती आली केशवानंद भारती केसमधून, १९७३, तेरा जज, सात विरुद्ध सहा. पण तो अवाढव्य निकाल एकदम हातात घेऊ नका, पहिले गोलकनाथचा निकाल १९६७, मग १९७१ ची २४वी घटनादुरुस्ती, मग केशवानंद, असं ओळीने वाचलं की भांडण कशावर होतं ते समजते.

फॅमिली लॉ अन् प्रॉपर्टीला कागद-पेन घेऊन वंशावळ काढायची, दुसरा उपाय नाही. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मापासून सहदायाद (वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानेच हिस्सेदार) झाली, अन् दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी बाप जिवंत असायलाच पाहिजे असं नाही हे २०२० ला विनीता शर्मा केसमध्ये ठरलं. घरच्या सातबाऱ्यावर अन् फेरफारावर हिशेब मांडून बघा, फक्त काकांसमोर नका मांडू.

कॉन्ट्रॅक्ट सोपा आहे, व्याख्या पक्क्या करा, झालं.

सीपीसी, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहिता, घरी बसून डोक्यात जातच नाही. सिव्हिल लाईन्सला जिल्हा कोर्टात जा, मोबाईल सायलेंट, मागच्या बाकावर बसा, बोर्डावरची, म्हणजे त्या दिवसाच्या यादीतली, एक दिवाणी केस पकडा आणि ई-कोर्ट्सच्या वेबसाईटवर तिच्या तारखा बघत राहा. समन्स बजावल्यावर लेखी जबाबाला ३० दिवस, कोर्टाने वाढवून दिले तर ९० पर्यंत, हे पुस्तकात एका ओळीत असते, तिथे त्यावर वकील कसे भांडतात ते दिसते.

क्रिमिनल, पुरावा अन् कायदा कसा बदलतो हे एकत्र बघायचं असेल तर आपल्याच भागातली मथुरा केस घ्या. १९७२, देसाईगंज पोलीस ठाणं, मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा आरोप, सेशन्सने आरोपी पोलिसांना सोडलं, आपल्या नागपूर खंडपीठाने दोषी धरलं, सुप्रीम कोर्टाने परत सोडलं, देशभर बोंब झाली अन् १९८३ ला बलात्काराचा कायदा बदलला. निकाल एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर, निकाल छापणारं नियतकालिक) १९७९ सुप्रीम कोर्ट १८५ वर मिळेल, आणि हो, एआयआर नागपुरातूनच निघते. खालच्या दोन्ही कोर्टांनी काय म्हटलं ते त्या निकालातच आहे. तो वाचून झाला की पुरावा कायद्याचं ११४-अ (काही बलात्काराच्या खटल्यांत संमती नव्हती असं गृहीत धरायचं कलम) उघडा, आता ते बीएसए म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियमात १२० आहे.