पेशी केमोकाइनकडेच जातात की नुसत्याच भटकतात: ट्रान्सवेल चाचणी कशी लावावी

केमोकाइन म्हणजे पेशींना आपल्याकडे ओढणारे छोटे संदेशवाहक प्रथिन. ते ओळखणारा केमोकाइन रिसेप्टर हे पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार गेलेले प्रथिन असते. केमोकाइन त्याला बाहेरून चिकटले की आतील जी-आय प्रथिन संदेश पुढे नेते, पेशीतील कॅल्शियम वाढते, पुढच्या टोकाशी अ‍ॅक्टिनची नवी जुळणी होते आणि पेशी सरकू लागते. ट्रान्सवेल चाचणीत, म्हणजे सच्छिद्र पडद्यातून खाली उतरलेल्या पेशी मोजून, हे सरकणे मोजण्यास सीएक्ससीआर४ (रिसेप्टर) आणि सीएक्ससीएल१२ (त्याचे केमोकाइन) ही जोडी सोयीची आहे, कारण जुर्काट पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी टी-पेशींवर) हा रिसेप्टर मुळातच असतो.

माध्यमात सीरम घालू नये, कारण त्यातील डीपीपी४ हे विकर सीएक्ससीएल१२ चे टोक छाटून ते निकामी करते, त्याऐवजी ०.५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन प्रथिन) वापरावे. केमोकाइनच्या लहान कुप्या एकदाच गोठवाव्यात आणि वापरताना बर्फात ठेवाव्यात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना ‘खोलीचे तापमान’ या शब्दांना तसाही फारसा अर्थ उरत नाही.

२४ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये खाली ६०० मायक्रोलिटर केमोकाइनचे द्रावण घ्यावे आणि ५ मायक्रॉन छिद्रांच्या इन्सर्टमध्ये (वेलमध्ये बसणाऱ्या, सच्छिद्र तळाच्या पेल्यात) १०० मायक्रोलिटरमधून पाच लाख पेशी सोडाव्यात. इन्सर्ट तिरका धरून टेकवावा, नाहीतर खाली बुडबुडा अडकतो. ३७ अंशांवर तीन तास ठेवून खाली उतरलेल्या पेशी मोजाव्यात. मात्रा मिलिलिटरला १०, ३०, १०० आणि ३०० नॅनोग्रॅम अशा घ्याव्यात. फार जास्त मात्रेला रिसेप्टर पेशीच्या आत ओढले जातात आणि स्थलांतर पुन्हा घटते, म्हणून आलेख घंटेसारखा दिसला तर प्रयोग फसला असे समजू नये.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते एका नियंत्रणाकडे: केमोकाइन वर आणि खाली सारख्याच प्रमाणात घातलेला वेल. तिथे वर-खाली केमोकाइनच्या प्रमाणाची चढण नसते, तरीही काही पेशी उतरतात, कारण केमोकाइनमुळे त्यांची चळवळ एकूणच वाढते. ही संख्या केमोकाइनविरहित वेलच्या संख्येशेजारी ठेवल्याशिवाय ‘दिशेने स्थलांतर’ असे प्रबंधात लिहू नये. परीक्षक नेमके हेच विचारतात.

रिसेप्टरची खात्री करण्यासाठी सीएक्ससीआर४ ला अडवणारे प्लेरिक्साफॉर हे औषध आणि जी-आयची खात्री करण्यासाठी त्याला बंद पाडणारे पर्ट्युसिस विष वापरावे. पहिल्याने स्थलांतर थांबले आणि दुसऱ्याने नाही, तर लगेच वेगळ्या संदेशमार्गाची कल्पना करण्याआधी वेळ तपासावी: हे विष पेशीच्या आत शिरून काम करते, म्हणून ते काही तास आधी द्यावे लागते.