फुललेली सावर धरा: वसंतातल्या पक्ष्यांचे फोटो कसे काढावेत

होळीच्या आगेमागे ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, ‘पक्ष्यांचे फोटो काढायचेत, भिगवणला कधी जाऊ?’ भिगवणला जरूर जा. पण फेब्रुवारी-मार्चच्या सकाळी घराजवळची फुललेली सावर सोडून शंभर किलोमीटर गाडी हाकू नका, असं मी दर वर्षी सांगते आणि पुढेही सांगत राहीन. काटेसावर, पळस आणि पांगारा ही झाडं ऐन पानगळीत फुलतात. रान वाळलेलं असतं, ओढे आटत आलेले असतात आणि सावरीच्या एकेका फुलाची वाटी मात्र मधाने भरलेली असते. पक्षी आपण होऊन तिथे येतात, आणि झाडावर पानच नसल्यामुळे दिसतात. एरवी ज्या हळद्याची नुसती शीळ ऐकून परतावं लागतं, तो इथे उघड्या फांदीवर बसलेला सापडतो.

कॅमेरा कुठला घ्यावा यावर मी वेळ घालवणार नाही. तीनशे-चारशे मिलिमीटरपर्यंत पोचणारी लेन्स किंवा लांब झूमचा साधा कॅमेरा पुरतो. दुर्बीण जवळ असेल तर आधी ती वापरा. मातकट कपडे, पाणी, टोपी. झालं.

झाड निवडा

जानेवारीच्या शेवटी एक-दोन फेऱ्या मारून कळ्या धरलेली झाडं हेरून ठेवा. लोक हमखास सगळ्यात उंच आणि सगळ्यात लालभडक झाड निवडतात, मग त्याच्या बुंध्याशी उभं राहून मान मोडेपर्यंत वर बघतात. पदरात पडतात पक्ष्यांची पोटं आणि वरचं आभाळ.

मला हवं असतं ते उताराखालचं झाड. आपण टेकडीच्या उतारावर उभे, झाड खालच्या अंगाला, त्याचा शेंडा साधारण आपल्या डोळ्यांच्या रेषेत आणि त्याच्या मागे लांब कुठेतरी दुसऱ्या डोंगराचा तपकिरी उतार. सिंहगडाच्या पायथ्याच्या गावांत, मुळशीकडच्या रस्त्यांवर, नाशिकच्या आसपासच्या डोंगरांत अशा जागा चिकार आहेत. शहरात हेच काम रस्त्याकडेच्या सावरीसमोरची गच्ची किंवा तिसऱ्या मजल्याचा जिना करतो. सोसायटीच्या लोकांना आधी विचारा, आदल्या दिवशी काढलेला एखादा फोटो दाखवा, सहसा कुणी नाही म्हणत नाही. माझे सूर्यपक्ष्यांचे सगळ्यात चांगले फोटो अशाच एका जिन्याच्या खिडकीतून मिळालेले आहेत.

वेळ आणि उभं राहायची बाजू

पुण्यात मार्चच्या मध्यावर सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. त्याआधी जागेवर बसा आणि नऊ-साडेनऊला गुंडाळा. त्यानंतरचा उजेड कडक होतो आणि पक्षीही सावलीला जातात.

बाजू मात्र चुकवू नका. सकाळी तुमची सावली झाडाच्या दिशेने पडली पाहिजे, म्हणजे तुम्ही झाडाच्या पूर्वेला हवेत. पायवाट पश्चिमेकडून जाते, गाडी तिथेच लागते, म्हणून तिथूनच फोटो काढायचे, हा आळस महागात पडतो. जांभळ्या सूर्यपक्ष्याचा नर बघा. हिवाळ्यात तो पिवळट, गळ्यावर एक गडद पट्टा असलेला, कुणी ढुंकून पाहणार नाही असा असतो. वसंतात त्याला विणीचा पिसारा येतो, पण तो निळा-जांभळा रंग काही पिसांत भरलेला नसतो. पिसाच्या सूक्ष्म रचनेवर उजेड पडून परततो तेव्हाच तो दिसतो. सूर्य तुमच्या पाठीशी असेल तर तो पक्षी पेटतो. सूर्य त्याच्या मागे असेल तर तुमच्याकडे एका काळ्या चिमुकल्या पक्ष्याचा फोटो येतो, आणि कितीही संपादन केलं तरी त्यात नसलेला जांभळा रंग येत नाही.

उजेडाचं माप: इथे सावकाश वाचा

माझे दोन वसंत इथे खर्ची पडले आहेत. पहिल्या वर्षी सिंहगडाच्या पायथ्याच्या एका सावरीवर भोरड्यांचा थवा उतरला होता. भोरडी म्हणजे गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची, डोक्यावर तुरा असलेली मैना. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून हिवाळ्याला येते आणि एप्रिलपर्यंत परत जाते. तीन सकाळी मिळून मी आठशेच्या वर फोटो काढले. घरी संगणकावर उघडले तेव्हा त्यात गुलाबी रंग कुठेच नव्हता. पांढुरक्या आभाळावर नुसत्या काळ्या आकृत्या होत्या. वर्षभर वाट बघितलेले पक्षी समोर होते आणि ते मला आणता आले नाहीत, याचं मला खरंच फार वाईट वाटलं.

मग एका अनुभवी छायाचित्रकाराने सल्ला दिला की एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेल्यापेक्षा फोटो उजळ किंवा गडद करायची सोय) अधिक दीडवर ठेव आणि विसरून जा. हा सल्ला अजूनही सगळीकडे फिरतो आणि सावरीच्या झाडावर तो साफ चुकीचा आहे. आभाळासमोर बसलेली भोरडी सुधारली. पण तीच भोरडी दोन फूट खाली, डोंगरासमोरच्या फांदीवर उतरली की तिची गुलाबी पाठ पांढरीफटक. आणि फुलं तर लाल रंगाचे सपाट डाग झालेली, पाकळीची एक रेघ म्हणून उरलेली नाही.

कारण असं. कॅमेऱ्याचं मीटर चौकटीतला एकूण उजेड मोजतं आणि तो मध्यम पातळीवर आणायला बघतं. मागे आभाळ असलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, मग ते फोटो काळवंडतं. मागे काळपट डोंगर असला की उलट. पक्षी फांदी बदलतो तशी पार्श्वभूमी बदलते आणि मीटरचं मत बदलतं. पण पक्ष्यावर पडणारं ऊन बदललेलं नसतं. या फांदीवर जेवढं ऊन, तेवढंच त्या फांदीवर. मग माप एकदाच घ्यायचं आणि त्याला हात लावायचा नाही.

मी करते ते असं. पक्षी यायच्या आधी कॅमेरा मॅन्युअल मोडवर, म्हणजे सगळी मापं हाताने ठरवायच्या पद्धतीवर, घेते. अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडं भोक) एफ ५.६ किंवा ६.३, शटर १/१००० सेकंद. आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता) ऑटोवर ठेवत नाही. मॅन्युअल मोड लावून आयएसओ ऑटो ठेवणारे खूप भेटतात, आणि ‘मॅन्युअल करूनही तेच होतंय’ म्हणतात. होणारच, कारण आयएसओ ऑटो ठेवला की मीटरच पुन्हा निर्णय घ्यायला लागतं. सूर्य उगवून तासभर झालेल्या स्वच्छ सकाळी माझा आयएसओ साधारण ४०० असतो. तुमचा थोडा वेगळा येईल.

आता थेट उन्हात असलेलं एक फूल चौकटभर घेऊन फोटो काढा आणि हिस्टोग्राम बघा, म्हणजे फोटोतला उजेड डावीकडच्या काळ्यापासून उजवीकडच्या पांढऱ्यापर्यंत कसा पसरलाय ते दाखवणारा आलेख. इथे दुसरी खोच आहे. बरेच कॅमेरे सुरुवातीला एकच पांढरा हिस्टोग्राम दाखवतात आणि तो तुम्हाला फसवतो. सावरीची पाकळी जाड, मेणचट आणि उन्हात चकाकणारी. तिच्यात लाल रंग इतका असतो की एकूण उजेड ठीक असतानाही लाल आधीच मर्यादेबाहेर गेलेला असतो. म्हणून लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे हिस्टोग्राम दाखवायची सोय चालू करा आणि फक्त लालकडे बघा. त्याची टेकडी उजव्या भिंतीला चिकटली असेल तर आयएसओ एक-दोन खाचा खाली आणा, किंवा शटरचा वेग वाढवा. पुन्हा फूल, पुन्हा हिस्टोग्राम. लाल भिंतीपासून जेमतेम सुटला की थांबा. माझ्याकडे हे करायला दोन मिनिटं लागतात, आणि या दोन मिनिटांसाठी मी दोन वर्षं घालवली.

या मापाने कोतवालासारखा काळा पक्षी थोडा काळोखा दिसेल. दिसू द्या. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला फोटो) काढत असाल तर अंधारातून पिसांची चमक नंतर वर आणता येते, जळालेली लाल पाकळी परत आणता येत नाही. आभाळाची काळजीही सोडा. सूर्य पाठीशी असेल तर समोरचं पश्चिमेचं आभाळ स्वच्छ दिवशी निळंच येतं. धुरकट दिवशी पांढुरकं होतं, तेव्हा डोंगरासमोरच्या फांद्यांवर लक्ष ठेवा. पहिल्या वर्षीच्या माझ्या काळ्या भोरड्यांचं अर्धं कारण तर हेच होतं की मी पश्चिमेच्या पायवाटेवर उभी होते.

सकाळी ऊन झपाट्याने चढतं, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी फुलावर माप पुन्हा घ्या. ढग आला तर लगेच.

बसा आणि हलू नका

फोकस सतत मागोवा घेणाऱ्या पद्धतीवर ठेवा, थवा उडेल तेव्हा शटर १/२००० वर न्या आणि तितक्याच पटीने आयएसओ वाढवा. बाकी काम बसण्याचं आहे.

झाडापासून पंचवीस-तीस पावलांवर बसलात तर पंधरा-वीस मिनिटांत पक्षी तुमची दखल घेणं सोडतात. आधी बहुतेक कावळे आणि बुलबुल येतात. मग कोतवाल, साळुंक्या, भांगपाडी मैना, टकाचोर. सातभाई एकामागून एक, भांडतच येतात. खारी तर दिवसभर असतातच. भोरड्या आल्या की झाडाचा आवाजच बदलतो, शाळा सुटल्यासारखा. कोतवाल फुलाच्या वाटीत डोकं घालतो आणि बाहेर काढतो तेव्हा त्याच्या काळ्या कपाळावर परागांची पिवळट पूड बसलेली असते. तो पुढच्या फुलावर जातो, पुन्हा डोकं घालतो, आणि झाडाचं काम होतं. हा क्षण मिळवायचा असेल तर पक्ष्यावर लेन्स फिरवत बसू नका. ताजं, पूर्ण उमललेलं, तुमच्याकडे तोंड केलेलं एक फूल निवडा, त्यावर फोकस धरून थांबा. आज ना उद्या कुणीतरी तिथे येतंच.

मध्येच एकदम सगळं झाड रिकामं होऊन शांतता पसरली तर उठून घरी जाऊ नका. बहुधा शिक्रा हा शिकारी पक्षी जवळून गेलेला असतो. पाच-दहा मिनिटांत एक बुलबुल धीर करून परत येतो आणि त्याच्यामागे बाकीचे.

जे करायचं नाही

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. वसंत हा विणीचा काळ आहे. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून तो पक्षी खाणंपिणं सोडून तुमच्या खिशातल्या यंत्राशी भांडत राहतो. एका रविवारी मी चार जणांना एका दयाळासमोर तब्बल वीस मिनिटं हेच करताना पाहिलं. तो नर दमून चोच उघडी टाकून बसला होता. मी त्यांना थांबायला सांगितलं, तुम्हीही सांगा. गप्प राहू नका.

घरट्याचे फोटो काढू नका. ‘लांबूनच काढतो’ हेही नको. आडव्या येणाऱ्या डहाळ्या बाजूला सारणं, बांधून ठेवणं, कापणं हे प्रकार मी डोळ्यांनी पाहिले आहेत. ती आडवी पानंच पिल्लांवर सावली धरत असतात आणि कावळ्यांपासून त्यांना लपवत असतात. घरटं चुकून दिसलं तर वाट बदला आणि जागा कुणालाही सांगू नका, ग्रुपवर तर मुळीच टाकू नका.

घरी आल्यावर

काढलेले फोटो त्याच दिवशी चाळा आणि बहुतेक पुसून टाका. मी शंभरातले चार-पाच ठेवते. पाहिलेल्या पक्ष्यांची यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, फोटो चांगला आला नाही म्हणून पक्षी गाळू नका. शिवाय एक साधी वही ठेवा. कुठली सावर, पहिलं फूल कधी, फुलांचा भर कधी, भोरड्या शेवटच्या कधी दिसल्या. एकाच डोंगरावरच्या दोन सावरी आठवडाभर मागेपुढे फुलतात, तेव्हा ही वही हातात असली की पुढच्या वर्षी एकीचा बहर ओसरताच तुम्ही दुसरीसमोर असता.

सावर संपत आली की पांगाऱ्याकडे वळा. तिथे फुलं शेंदरी-लाल, म्हणून लाल हिस्टोग्रामचा नियम तसाच लागू होतो. एप्रिलमध्ये वड-उंबर पिकायला लागले की हरियाल आणि तांबट तिकडे जमतात. त्या झाडांना भरपूर पानं असतात, ऊन तुकड्या-तुकड्यांनी पडतं आणि एका फांदीवरचा उजेड शेजारच्या फांदीवर नसतो. तिथे मी वर सांगितलेलं एकदाच घ्यायचं माप चालत नाही. प्रत्येक फांदीसाठी ते नव्याने घ्यावं लागतं.